जोडणी तुटते तेव्हा: ब्राउझरमध्ये थेट माहिती दाखवण्याचे काम शिकणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये संगणकशास्त्र शिकून पुण्या-मुंबईला न जाता इथेच नोकरी धरणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला सुरुवातीच्या काळात एक काम बऱ्याचदा येते. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातील यंत्रांची, अथवा दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत बसवलेल्या हवामान केंद्रांची माहिती ब्राउझरच्या पडद्यावर अशी दाखवायची असते की पान पुन्हा न उघडता आकडे आपोआप बदलत राहतील. या क्षेत्रात काही वर्षे काम करताना आणि नव्याने येणाऱ्यांना ते शिकवताना जे लक्षात आले, ते येथे क्रमाने मांडत आहे. उदाहरणे मुख्यतः ‘एमक्यूटीटी’ हा उपकरणांचे लहान संदेश नेणारा प्रोटोकॉल (संवादाचे ठरलेले नियम) आणि त्यासाठीची ‘एमक्यूटीटी डॉट जेएस’ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी यांची आहेत, कारण शेती आणि कारखाने या दोन्ही ठिकाणी मला तीच अधिक उपयोगी पडली.

लायब्ररी वापरायला सोपी आहे. ब्रोकरशी, म्हणजे संदेश घेऊन ते वाटणाऱ्या मधल्या सर्व्हरशी, जोडणी करायची, हवा तो टॉपिक, म्हणजे संदेशांचा विषय, सब्स्क्राइब करायचा (त्यावरचे संदेश मागून ठेवायचे) आणि संदेश आल्यावर काय करायचे ते एका फंक्शनमध्ये लिहायचे. दहा-बारा ओळींत पडद्यावर आकडे हलू लागतात. नवीन मुलांना वाटते की काम संपले, आणि शिकवण्यांचे बहुतेक व्हिडिओही तिथेच संपतात. प्रत्यक्षात ग्राहक ज्या कारणाने पुन्हा फोन करतो ती सर्व कारणे त्या दहा-बारा ओळींच्या पलीकडची असतात: जोडणी तुटली तेव्हा काय झाले, परत जुळली तेव्हा मधली माहिती कुठे गेली, आणि पडद्यावर दिसणारा आकडा आत्ताचा आहे की जुना आहे हे पाहणाऱ्याला कळले का. म्हणून कोणतीही लायब्ररी शिकताना आधी तिचा हाच भाग वाचावा, असे माझे मत आहे.

त्याहीआधी ग्राहकाला खरोखर किती ताजी माहिती हवी आहे ते विचारून घ्यावे. बागेतील केंद्र दर पंधरा मिनिटांनी एकदा तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा पाठवत असेल, तर ब्राउझरने मिनिटाला एकदा साध्या एचटीटीपी विनंतीने सर्व्हरला विचारणे पुरेसे असते, आणि त्यासाठी कायम उघडी जोडणी सांभाळण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. माहिती फक्त सर्व्हरकडून ब्राउझरकडे जायची असेल, तर ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’ हा पर्याय नवीन लोक विनाकारण दुर्लक्षित करतात; त्यासाठी लागणारा ‘इव्हेंटसोर्स’ ब्राउझरमध्येच असतो, तो तुटलेली जोडणी स्वतःहून परत जोडतो आणि शेवटी मिळालेल्या संदेशाचा क्रमांक सर्व्हरला कळवतो. त्याची एक मर्यादा अशी की जुन्या एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका डोमेनसाठी साधारण सहाच जोडण्या उघडतो, त्यामुळे कार्यालयात कोणी तेच पान सात टॅबमध्ये उघडून ठेवले की सातवे पान नुसते फिरत राहते. यंत्र थांबल्याची सूचना तत्काळ हवी असेल, ब्राउझरमधून उलट आज्ञाही पाठवायच्या असतील किंवा यंत्रे आधीपासून एमक्यूटीटीवर बोलत असतील, तेव्हा मात्र पुढचा सगळा विचार करणे भाग आहे.

ब्राउझरमधील अशा लायब्ररीखाली बहुधा वेबसॉकेट असते. आरएफसी ६४५५ या क्रमांकाने डिसेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रोटोकॉलची सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने होते. सर्व्हर १०१ हा उत्तर-क्रमांक देतो आणि त्यानंतर तीच जोडणी दोन्ही दिशांनी संदेश नेण्यासाठी उघडी राहते. हे माहीत असले की नवशिक्यांना अडवणाऱ्या पहिल्या दोन-तीन अडचणी चटकन सुटतात. बागेतील उपकरण ब्रोकरशी १८८३ या पोर्टवर थेट टीसीपीने बोलते, म्हणून ब्राउझरच्या कोडमध्येही तोच पोर्ट लिहिला जातो आणि जोडणी होत नाही. ब्राउझरला थेट टीसीपी जोडणी उघडताच येत नाही, त्याच्यासाठी ब्रोकरवर वेबसॉकेटचा वेगळा लिसनर, म्हणजे जोडण्या स्वीकारणारे वेगळे दार, सुरू करावा लागतो. पान एचटीटीपीएसवर असेल तर ब्राउझर असुरक्षित वेबसॉकेट उघडू देत नाही, तिथे सुरक्षित वेबसॉकेटचाच पत्ता लागतो. लॅपटॉपवर चालणारे पान सर्व्हरवर गेल्याबरोबर बंद का पडते याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. मॉस्किटो हा ब्रोकर वापरत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याच्या २.० या आवृत्तीपासून कोणतीही कॉन्फिगरेशन फाइल न देता तो सुरू केला तर तो फक्त त्याच संगणकावरून आलेल्या जोडण्या स्वीकारतो, आणि लिसनर लिहिल्यावरही नाव-पासवर्ड नसलेल्यांना आपणहून आत घेत नाही. त्याआधीच्या काळात लिहिलेल्या धड्यांत हे नसते, त्यामुळे धडा अक्षरशः पाळणारा विद्यार्थीच अडकतो.

जोडणी का फसली हे ब्राउझर जावास्क्रिप्टला फारसे सांगत नाही, याचीही सवय करून घ्यावी लागते. बहुतेक वेळा हाती १००६ हा क्रमांक येतो, आणि त्याचा अर्थ ‘रीतसर निरोप न घेता जोडणी संपली’ एवढाच असतो. प्रमाणपत्र चुकले, ब्रोकर बंद होता किंवा मधल्या प्रॉक्सीने (विनंत्या पुढे पाठवणाऱ्या सर्व्हरने) दार लावले, हे शोधायला ब्रोकरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडावीच लागते. नवीन माणसाने पहिल्याच आठवड्यात सर्व्हरवरील लॉग वाचण्याची परवानगी मागून घ्यावी; ती मिळायला वेळ लागतो आणि गरज रात्री लागते.

एमक्यूटीटीचा जन्म १९९९ मध्ये झाला. आयबीएममधील अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉममधील आर्लेन निपर यांनी तो दुर्गम भागातील तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार केला. उपग्रहाचा वेळ महाग आणि जोडणी बेभरवशाची, म्हणून संदेशाचे वेष्टन अगदी लहान ठेवले आणि जोडणी तुटणार हे गृहीतच धरले. एका शिवारात मोबाइलच्या दोन काड्या आणि पुढच्या शिवारात एकही नाही, अशा परिस्थितीत हा प्रोटोकॉल टिकून राहतो तो याच जन्मकथेमुळे. आज वापरात ३.१.१ आणि ५ या दोन आवृत्त्या दिसतात. ब्रोकर कोणती समजतो ते आधी तपासावे, कारण लायब्ररीच्या माहितीत लिहिलेल्या काही सोयी फक्त पाचव्या आवृत्तीत मिळतात.

टॉपिकची रचना पहिल्या दिवशी विचार करून ठरवावी लागते, कारण उपकरणे बागांत बसल्यावर ती बदलणे म्हणजे प्रत्येक बांधावर जाणे होय. मोठ्याकडून लहानाकडे, म्हणजे आधी ग्राहक, मग गाव, मग प्लॉट, मग मापन, असा क्रम ठेवला की अधिकच्या चिन्हाने एक पातळी आणि हॅशच्या चिन्हाने त्याखालचे सगळे एकदम सब्स्क्राइब करता येते. टॉपिकचे नाव यूटीएफ-८ मध्ये असते, त्यामुळे ते मराठीतही लिहिता येईल. पण उपकरणाच्या छोट्या प्रोसेसरवर काम करणारा सहकारी त्यावरून तुमच्याशी बोलणे सोडेल, हा धोका पत्करू नये. चाचणी करताना सर्वच्या सर्व टॉपिक सब्स्क्राइब करणे सोयीचे वाटते, परंतु प्रत्यक्ष पानात ते ठेवले की एका शेतकऱ्याच्या फोनवर सगळ्यांच्या बागांचा डेटा उतरू लागतो.

संदेश पोहोचण्याच्या हमीबद्दल, म्हणजे क्यूओएसबद्दल, मुलाखतीत हटकून विचारतात आणि उत्तरे पाठ केलेली येतात. शून्य म्हणजे पाठवला आणि विसरला, एक म्हणजे किमान एकदा पोहोचेल, दोन म्हणजे नेमका एकदाच पोहोचेल. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. कामाच्या दोन गोष्टी त्यापुढच्या आहेत. ही हमी क्लायंट (ब्रोकरशी जोडलेले उपकरण किंवा पान) आणि ब्रोकर यांच्यातील आहे, उपकरणापासून पडद्यापर्यंतच्या सलग प्रवासाची नाही. उपकरणाने एकने पाठवले आणि ब्राउझरने शून्याने सब्स्क्राइब केले, तर ब्राउझरला शून्याचीच हमी मिळते. दुसरे असे की ‘किमान एकदा’ या शब्दांत ‘कदाचित दोनदा’ दडलेले असते. एकूण उत्पादनाचा आकडा प्रत्येक संदेशागणिक एकाने वाढवणारा कोड लिहिला, तर जोडणी डळमळीत असलेल्या दिवशी कारखान्याचे उत्पादन कागदावर वाढते. म्हणून संदेशात ‘एक नग झाला’ असे न पाठवता ‘आत्तापर्यंत एवढे नग झाले’ असा एकूण आकडा पाठवावा, किंवा प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो आधी आला असेल तर सोडून द्यावा.

आता रिटेन या सोयीकडे येतो, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक गैरसमज तिथे होतात. संदेश पाठवताना हा निर्देश दिला की ब्रोकर त्या टॉपिकवरचा शेवटचा संदेश जपून ठेवतो आणि नव्याने सब्स्क्राइब करणाऱ्याला तो लगेच देतो. पान उघडल्याबरोबर पुढच्या मापनाची वाट न पाहता आकडे दिसतात, म्हणून सर्वांना ही सोय आवडते. पण उपकरणाची बॅटरी काल संध्याकाळी संपली असेल तरीही तो जपलेला संदेश तसाच येतो आणि पडद्यावर तितकाच ठळक दिसतो. द्राक्षबागेत याचा अर्थ गंभीर आहे. पानांवर ओलावा किती तास टिकला आणि त्या वेळी तापमान काय होते, यावरून केवडा या रोगाचा धोका ठरतो आणि त्यावरून फवारणीचा निर्णय होतो. कालचा कोरडा आकडा आज सकाळचा समजला गेला, तर फवारणीची वेळ निघून जाते. मोहाडीकडच्या एका बागायतदार काकांना मी पहिल्यांदा डॅशबोर्ड दाखवला, तेव्हा त्यांनी रंगीत आलेखांकडे पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, “साहेब, हा आकडा आत्ताचा का रात्रीचा?” त्या दिवसापासून मी ज्या पानावर काम करतो त्यावर प्रत्येक आकड्याशेजारी ‘चार मिनिटांपूर्वी’ असे मापनाचे वय लिहिलेले असते, आणि अपेक्षित अंतराच्या दुप्पट वेळ उलटली की आकडा करडा होतो.

हे वय मोजण्यासाठी मापनाची वेळ संदेशातच असावी लागते. संदेश ब्राउझरला कधी मिळाला ती वेळ इथे कुचकामी आहे, कारण रिटेन संदेश तर पान उघडल्याच्या क्षणीच मिळतो. लायब्ररी संदेशासोबत जो पॅकेट देते त्यात हा जपलेला संदेश आहे की नुकताच आलेला आहे याची खूण असते, तीही पाहावी. वेळ नेहमी यूटीसीमध्ये पाठवावी आणि दाखवताना भारतीय वेळेत बदलावी. आकडे बरोबर साडेपाच तासांनी पुढे किंवा मागे दिसत असतील तर दोष कुठे आहे ते वेगळे सांगायला नको. वीज जाऊन आलेल्या उपकरणाचे घड्याळ कधीकधी १९७० सालात जाऊन बसते, म्हणून सर्व्हरनेही संदेश मिळाल्याची स्वतःची वेळ नोंदवावी आणि दोन्हींत मोठी तफावत असेल तर उपकरणाच्या वेळेवर विश्वास ठेवू नये.

उपकरण जिवंत आहे की नाही हे कळवण्यासाठी ‘लास्ट विल’ आहे. जोडणी करतानाच उपकरण ब्रोकरकडे एक संदेश ठेव म्हणून देते. ते रीतसर निरोप न घेता गायब झाले, तर ब्रोकर तो संदेश त्याचा टॉपिक सब्स्क्राइब केलेल्या सर्वांना पाठवतो. त्यात ‘बंद’ असे लिहून तो रिटेन करावा आणि जोडणी झाल्याबरोबर त्याच टॉपिकवर ‘चालू’ पाठवावे, ही रूढ पद्धत आहे आणि ती चांगली आहे. फक्त तिचा विलंब समजून घ्यावा. कीप अलाइव्ह, म्हणजे उपकरणाने काहीही न पाठवता गप्प राहण्याची कमाल मुदत, साठ सेकंद असेल, तर ब्रोकर त्याच्या दीडपट, म्हणजे नव्वद सेकंद वाट पाहतो आणि मगच उपकरण गेले असे मानतो. कारखान्यातील देखभाल विभागाला हे आधी सांगितले नाही, तर वायर उपटल्यावरही दीड मिनिट हिरवा दिवा का दिसतो, या प्रश्नाला तुम्हाला सर्वांसमोर उत्तर द्यावे लागते. हा आकडा कमी करता येतो, पण मोबाइल डेटावर चालणाऱ्या उपकरणासाठी तो फार कमी केला की बॅटरी आणि डेटा दोन्ही खर्च होतात.

ब्राउझरच्या बाजूलाही जोडणी तुटण्याची कारणे हवी तेवढी आहेत: फोन खिशात गेला, लॅपटॉप झोपला, वायफायवरून मोबाइल डेटावर आला, इन्व्हर्टर दमला आणि राउटर बंद पडला. मागे गेलेल्या टॅबमधील टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतो, हेही लक्षात ठेवावे. सर्व्हरसमोर इंजिनएक्स हा प्रॉक्सी असेल तर त्यात अपग्रेडची हेडर वेबसॉकेटसाठी पुढे पाठवावी लागतात. शिवाय त्याची वाचनाची मुदत मूळ स्थितीत साठ सेकंद असते, तेवढा वेळ काहीच आले नाही की तो जोडणी तोडतो. बरोबर मिनिटामिनिटाला जोडणी तुटते अशी तक्रार आली की मी प्रथम तिथेच पाहतो.

तुटलेली जोडणी लायब्ररी आपणहून परत जोडते आणि सब्स्क्रिप्शनही परत करते, त्यामुळे नवीन माणसाला वाटते की इथे आपल्याला काही करायचे नाही. दोन गोष्टी करायच्या असतात. एमक्यूटीटी डॉट जेएसमध्ये पुन्हा जोडण्याचे अंतर मूळ स्थितीत एक सेकंद असते. ब्रोकर काही काळ बंद पडून परत सुरू झाला की सगळी पाने एकाच सेकंदाला त्याच्यावर तुटून पडतात आणि तो पुन्हा गुदमरतो, म्हणून हे अंतर प्रत्येक अपयशानंतर वाढवत न्यावे आणि त्यात थोडा यादृच्छिक भाग मिसळावा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: तुटलेल्या काळातील संदेशांचे काय? ब्रोकरला तुमच्यासाठी संदेश साठवून ठेवायला सांगता येते, पण उपकरणांसाठी योग्य असलेली ही सोय ब्राउझरसाठी मला पसंत नाही, कारण माणसे टॅब बंद करून निघून जातात आणि ब्रोकर कोणीच न नेणारे संदेश साठवत बसतो. त्याऐवजी सर्व्हरवरील डेटाबेसमधून ‘अमुक वेळेनंतरची मापने दे’ अशी साधी विनंती करावी. यातही क्रम महत्त्वाचा आहे. आधी सब्स्क्राइब करावे, येणारे संदेश बाजूला जमवत राहावे, मग जुनी मापने मागवावीत, ती मिळाल्यावर दोन्ही एकत्र करून वेळेनुसार लावावीत आणि दुहेरी आलेली गाळावीत. आधी जुनी मापने मागवून नंतर सब्स्क्राइब केले, तर त्या दोन्हींच्या मधल्या क्षणी आलेले मापन कुणाच्याच हाती लागत नाही, आणि आलेखातील ती लहानशी फट महिन्यातून एकदाच दिसत असल्यामुळे कधीच सापडत नाही.

ब्राउझरमधून आज्ञा पाठवायच्या असतील तर काळजी आणखी वाढते. जोडणी नसताना पाठवलेले संदेश ही लायब्ररी स्वतःजवळ रांगेत ठेवते आणि जोडणी आल्यावर पाठवते. मापनांसाठी हे ठीक आहे. परंतु ठिबकची मोटर चालू करण्याचे बटण एखाद्याने जोडणी नसताना चार वेळा दाबले, काहीच झाले नाही म्हणून तो स्वतः जाऊन मोटर लावून आला, पाणी देऊन झाल्यावर बंदही केली, आणि तासाभराने पान परत जोडले गेले, तर त्या जुन्या आज्ञा एकामागून एक बागेत पोहोचतात. जोडणी नसताना बटण दाबताच येऊ नये, शून्य हमीचे संदेश रांगेत ठेवण्याची सोय बंद करावी, आज्ञेत वेळ लिहावी आणि उपकरणाने ठरावीक मुदतीपेक्षा जुनी आज्ञा नाकारावी. पाचव्या आवृत्तीत संदेशालाच मुदत घालता येते, तीही वापरावी. आज्ञेचा संदेश रिटेन मात्र कधीही करू नये, कारण उपकरण पुन्हा सुरू होईल तेव्हा ब्रोकर तीच आज्ञा त्याला परत देईल. बटण दाबल्यावर पडद्यावर लगेच ‘चालू’ असे न दाखवता ‘आज्ञा पाठवली’ असे दाखवावे, आणि उपकरणाचे उलट उत्तर आल्यावरच ‘चालू’ म्हणावे.

जोडणी दर एक-दोन सेकंदांनी जुळते आणि तुटते, आणि ब्रोकर तर ठणठणीत आहे, असे दिसले तर क्लायंट आयडी तपासावा. एकाच आयडीने दुसरा क्लायंट आला की ब्रोकर पहिल्याला बाहेर काढतो. पहिल्याची लायब्ररी परत जोडते आणि दुसऱ्याला बाहेर काढते, आणि संगीत खुर्चीचा हा खेळ अखंड चालू राहतो. कोडमध्ये आयडी कायमचा लिहून ठेवला आणि वापरणाऱ्याने दोन टॅब उघडले की एवढे पुरते. आयडीच्या शेवटी यादृच्छिक अक्षरे जोडावीत किंवा तो लायब्ररीलाच ठरवू द्यावा.

रिअ‍ॅक्ट ही पडदे बांधण्याची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरणाऱ्यांना याचाच एक धाकटा भाऊ भेटतो. रिअ‍ॅक्ट १८ पासून स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका लवकर उघड करणाऱ्या व्यवस्थेत), फक्त विकासाच्या काळात, इफेक्ट, म्हणजे पडद्याचा एखादा भाग (घटक) दिसू लागल्यावर चालणारा कोड, मुद्दाम दोनदा चालवला जातो. घटक निघून जाताना जोडणी बंद करण्याचा कोड लिहिलेला नसेल तर दोन जोडण्या उघड्या राहतात आणि प्रत्येक संदेश दोनदा येतो. काही जण स्ट्रिक्ट मोडच काढून टाकतात, तसे करू नये. जोडणी सर्व पानांसाठी एकच असावी, ती घटकांच्या बाहेर ठेवावी, आणि प्रत्येक घटकाने आल्यावर श्रोता जोडावा व जाताना तो काढावा.

यंत्राच्या कंपनांसारखी मापने सेकंदाला पन्नास-शंभर येतात, तेव्हा प्रत्येक संदेशागणिक पडदा रंगवला तर ब्राउझर गोठतो. आलेले मूल्य नुसते साठवावे आणि पडदा ‘रिक्वेस्ट अ‍ॅनिमेशन फ्रेम’च्या, म्हणजे ब्राउझर स्वतः पडदा रंगवतो त्या, गतीने, किंवा आकडे वाचायचेच असतील तर सेकंदातून एक-दोनदाच बदलावा, त्याहून वेगाने बदलणारा आकडा माणसाला वाचता येत नाही. संदेश जेसन या मजकूर-स्वरूपात असेल तर तो वाचण्याचा कोड सुरक्षित गुंडाळावा, कारण एखाद्या उपकरणाने अर्धवट संदेश पाठवला म्हणून सगळे पान बंद पडणे योग्य नाही.

सुरक्षेबाबत थोडक्यात, पण ठामपणे सांगतो. ब्राउझरमध्ये जाणारा कोड कोणालाही वाचता येतो, तेव्हा त्यात ब्रोकरचा कायमचा पासवर्ड लिहू नये. वापरणाऱ्याने आधी सर्व्हरवर लॉगिन करावे, सर्व्हरने त्याला थोड्या काळाचे टोकन (तात्पुरता परवाना) द्यावे, आणि ब्रोकरवर कोणी कोणता टॉपिक वाचावा व कोणी लिहावे याचे नियम असावेत. ब्राउझरच्या वेबसॉकेटला स्वतःची हेडर लावता येत नाहीत, त्यामुळे हे टोकन एमक्यूटीटीच्या पासवर्डच्या जागी किंवा पत्त्यातून पाठवले जाते. पत्त्यातून पाठवले तर ते सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटते हे ध्यानात असावे. टोकनाची मुदत संपल्यानंतर जोडणी तुटली, तर लायब्ररी जुनेच टोकन घेऊन दार ठोठावत राहते. नवे टोकन आणण्याची व्यवस्था पुन्हा जोडण्याच्या मार्गातच करावी लागते, आणि चाचणीत ती सुटते, कारण चाचणी करणारा एवढा वेळ पान उघडे ठेवतच नाही.

अभ्यासासाठी खर्च लागत नाही. मॉस्किटो आपल्या लॅपटॉपवर बसवावा. त्याच्यासोबत संदेश पाठवण्याची आणि ऐकण्याची दोन छोटी साधने येतात, त्यांनी उपकरणाचे सोंग घेता येते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये वेबसॉकेटची प्रत्येक फ्रेम दिसते. एमक्यूटीटीच्या फ्रेम बायनरी असल्यामुळे त्या वाचता येत नाहीत, पण कधी आल्या आणि केव्हा थांबल्या ते कळते, आणि तेवढ्यावर बरेच निदान होते. मग मोडतोड सुरू करावी: ब्रोकर बंद करावा, वायफाय काढावे, लॅपटॉप झोपवून अर्ध्या तासाने उठवावा. ज्यांना रेल्वेने मुंबईला जायचे असेल त्यांनी पान फोनवर उघडून बसावे. इगतपुरीनंतर कसारा घाटातील बोगद्यांत जोडणी ज्या प्रकारे जाते आणि येते, तशी चाचणी टेबलावर बसून करता येत नाही.

नाशिकमधील लहान कंपन्यांत मुलाखत घेणारा माणूस बहुधा स्वतःच हे काम करत असतो, म्हणून तो व्याख्यांपेक्षा प्रसंग विचारतो. सॉकेट डॉट आयओ ही लायब्ररी आणि वेबसॉकेट एकच आहेत का, हा आवडता प्रश्न आहे. सॉकेट डॉट आयओचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे, साध्या वेबसॉकेट क्लायंटने त्याच्या सर्व्हरशी बोलता येत नाही, ते मूळ स्थितीत आधी लाँग पोलिंगने (सर्व्हर नवीन माहिती येईपर्यंत रोखून धरतो अशा एचटीटीपी विनंत्यांनी) सुरू होऊन मग वेबसॉकेटवर जाते, आणि आपणहून संदेश जास्तीत जास्त एकदाच पोहोचवते, एवढे सांगता आले की पुढचे बोलणे बरोबरीच्या नात्याने होते. प्रकल्प दाखवायचा असेल तर सुंदर आलेखापेक्षा वायफाय बंद करून पान काय सांगते ते दाखवा, आणि ते परत चालू केल्यावर मधली मापने कशी भरली जातात तेही दाखवा.

शेवटी आवृत्त्यांविषयी. एमक्यूटीटी डॉट जेएस पाचव्या आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिली गेली आहे, आणि इंटरनेटवर सापडणारी बरीच उदाहरणे तिच्याआधीची आहेत. उदाहरण उतरवून घेण्यापूर्वी ते कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहावे. प्रकल्पात लायब्ररीची आवृत्ती पक्की नोंदवावी, आणि बदलांची यादी वाचल्याशिवाय मोठी आवृत्ती बदलू नये. ग्राहक द्राक्षबागायतदार असेल तर हा बदल पावसाळ्यात, छाटणीच्या आधी उरकून घ्यावा. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत चालत्या डॅशबोर्डला हात लावायला तो तुम्हाला परवानगी देणार नाही.